तुमची तापी कुठली? : खान्देशात चौथा खेळाडू शोधताना

लोक खान्देशात भरीत खायला जातात, मी नेमबाज शोधायला गेलो. खरे नव्हे, मोबाइलवरचे. शंभर जण एका बेटावर उतरतात, भोवतीचं वर्तुळ आवळत जातं आणि शेवटी जो चौघांचा संघ उरतो तो जिंकतो, या खेळाचा मी पुण्यात प्रशिक्षक आहे. हा माझा धंदा आहे हे माझ्या सासूबाईंना अजून पटलेलं नाही. रविवारी संध्याकाळी पाचपर्यंत स्पर्धेसाठी चार नावं आणि त्यातला एक कर्णधार कळवायचा होता. नाही कळवला तर आमच्या संघाच्या मालकांनी हा खान्देशाचा नाद कायमचा सोडायचं ठरवलं होतं. तिघं अमळनेरला सापडली होती. चौथ्यासाठी यावलहून एक नाव आलं होतं, सारिका. म्हटलं, जाऊन बघू.

शुक्रवारी सकाळी जळगावला उतरलो, स्टेशनजवळच्या लॉजवर नऊशेत स्वच्छ खोली मिळाली. तिथून अमळनेरला पॅसेंजर पकडा, तासाभराचा प्रवास आहे, खिडकीतून कपाशी बघत जाता येतं. तुषार घ्यायला आला होता. बी.कॉम. झालेला, वडिलांचं सरकी-पेंडीचं दुकान सांभाळणारा, तेवीस वर्षांचा. दोन मामेभावांना घेऊन तो दोन वर्षं खेळतोय, आणि सामन्यात कोणी कुठं जायचं हे ओरडून सांगण्याचं काम अर्थात त्याचंच. तिघांचे हात इतके वेगाने चालत होते की मी वहीत लिहायचं सोडून नुसता बघत बसलो. दुपारी त्याच्या आईने शेवभाजी वाढली. तिखटाने माझे कान गरम झाले आणि मामेभाऊ गालात हसले.

"चौथी पोरगी शे म्हनतस, खरं का?" तुषारने विचारलं.

"खरं आहे. बघून ठरवू."

"खेळू द्या, भाऊ. पन बोलसू मीच."

शनिवारी एसटीने भुसावळमार्गे यावल. दीड तास धरा, आणि डिसेंबर असला तरी टोपी घ्या. तापीचा पूल ओलांडला की रंगच बदलतो. दोन्ही बाजूंना केळी, केळी आणि केळी, मागे सातपुड्याची निळी रेघ. सारिका एकवीस वर्षांची, केळी धुऊन खोक्यात भरण्याच्या शेडमध्ये कामाला. जेवणाच्या सुट्टीत तिने भाकरी आधी संपवली, मग हेडफोन लावला. तीन अनोळखी खेळाडू तिच्याबरोबर होते आणि पाच मिनिटांत तिघंही तिचं ऐकू लागले. पावलांचा आवाज आला की ती बोट न दाखवता म्हणायची, "तापीकडं एक, झाडामागं." आणि खरंच तिथे असायचा! खेळात वर दिशांचे अंश दाखवणारी पट्टी असते. ती तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. सातपुडा म्हणजे उत्तर, तापी म्हणजे दक्षिण, बाकी उगवत आणि मावळत. संपलं.

तिचे वडील, नाना, त्याच भागात केळीचे घड उतरवतात. ते आणि सारिका मला बाग दाखवायला घेऊन गेले. मी फोटोच्या नादात मागे राहिलो आणि दहा मिनिटांत पुरता हरवलो. चारही बाजूंना तीच पानं, तेच खोड, डोक्यावर हिरवं छत. ओरडलो, तर सारिकाचा आवाज आला.

"सर, सातपुड्याकडं तोंड करा आन् सरळ या!"

"सातपुडा दिसत नाहीये!"

"दिसाले कायले पायजे?"

शेवटी तीच आवाजावरून माझ्यापर्यंत आली. नाना हसत होते. "केयीत मानूस दिसत नाही, आवाजावर जा लागते. ही चार वर्साची होती तवापासून मले अशीच हुडकते." मी पंधरा वर्षं असल्या खेळांत आहे. पावलांचा आवाज ओळखायला शिकवतो, त्याचे पैसे घेतो. त्या बागेत मला शहारून आलं, खोटं कशाला सांगू. तिथल्या तिथे मी नानांकडे सारिकासाठी रविवार मागितला. ते म्हणाले, येतो आम्ही, पण पुण्याला न्यायचं की नाही ते उद्याच सांगा, पोरीला ताटकळत ठेवू नका. सारिका हेडफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिली.

रविवारी जळगावला एका मित्राच्या क्लासची रिकामी खोली मिळाली. पाच सराव सामने ठरले होते, समोर इतर गावांचे संघ. तुषारला मी एवढंच सांगितलं की आज सारिका बोलेल. त्याने मान हलवली.

पहिला सामना छान रंगला होता. वर्तुळ आवळलं, आमचे चौघं एका टेकाडावर, आणि सारिका ओरडली, "तापीकडं दोघं! तापीकडं!" तिघं अमळनेरकर गर्रकन वळले, बरोबर उलट्या दिशेला. पाठीत गोळ्या बसल्या. चार सेकंदांत खेळ खल्लास.

"तापी म्हनं ना तू? मी तापीकडेच दखी राहिंतू!" तुषार उसळला.

"तापी खाली हाये, तू वर काय पाहत होता?"

"आमना गावले तापी वरलाकडे शे!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. यावल नदीच्या उत्तरेला, अमळनेर दक्षिणेला. नदी एकच, पण सारिकाची दक्षिण ती तुषारची उत्तर. आणि आमचे प्रशिक्षकमहाशय दोन दिवस दोन्ही काठांवर फिरले, तरी त्यांच्या लक्षात आलं नव्हतं!

यानंतर खरी घोडचूक मी केली. फर्मान सोडलं, यापुढे फक्त पट्टीवरचे अंश सांगायचे. पुढचे तीन सामने सारिका आकडे वाचत राहिली. आवाज बारीक झाला, सूचना उशिरा येऊ लागल्या, आम्ही प्रत्येक वेळी लवकर बाद. साडेतीन वाजले. तिने हेडफोन काढून टेबलावर ठेवला. "सर, मले नाही जमत असं. तुषारभाऊलेच बोलू द्या." नाना उठून पायात चपला घालू लागले. मला मनापासून वाईट वाटलं, कारण चूक तिची नव्हती.

तेवढ्यात तुषारने तिला दिशा विचारली, "सातपुडा तुमनाकडे कथा शे?"

"वर."

"आमनाबी वरच शे. मंग तापी सोडी दे. खालले अजिंठा म्हन. अजिंठा बठ्ठासना खालेच शे."

खरंच की, अजिंठ्याचे डोंगर दोन्ही गावांच्या दक्षिणेलाच. नाना चपला घातलेल्या पायांनीच परत बसले. मी अंशांचं नाव काढलं नाही.

शेवटच्या सामन्यात सारिकाचा आवाज परत आला. "उगवतीकडं धूर टाका. सातपुड्याकडं कोनी नाही, पळा. तुषारभाऊ, अजिंठ्याकडं एक, बसलाय." तिघं एका हाताची बोटं असावीत तसे हलत होते. शेवटचे दोन संघ उरले तेव्हा आमचे चौघंही जिवंत होते. ती डोळे मिटून ऐकत होती. खरंच, मिटून! मग एकच शब्द, "मावळत." चौघांनी एकदम वळून गोळ्या झाडल्या आणि पडद्यावर आमच्या संघाचं नाव झळकलं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि मला त्याची लाज वाटली नाही.

फॉर्म भरायला बसलो तेव्हा पाचला वीस मिनिटं कमी होती. कर्णधाराच्या रकान्यापाशी थांबून मी तुषारकडे पाहिलं. दोन वर्षं ती जागा त्याची होती. तो सारिकाला म्हणाला, "आते तूच बोल, ताई. आमी बठ्ठा ऐकसूत." नानांनी खिशातून केळीच्या वेफर्सचं पाकीट काढून सगळ्यांपुढे धरलं.

पुढच्या आठवड्यात चौघं सरावासाठी पुण्याला आली. मी स्टँडवर घ्यायला गेलो होतो. सारिका बॅग खांद्याला लावून उतरली, इमारतींकडे एकदा चौफेर पाहिलं आणि सगळ्यात आधी विचारलं, "सर, इथं उगवत कोनीकडं?"

मी वीस वर्षं या शहरात राहतो. मी खिशातून मोबाइल काढला.