पाठीवरची पावडर

पावडरचा डबा उघडला की मला नाशिकमधला माझा नर्सिंगचा वर्ग आठवतो. अंथरुणावरच्या पेशंटला कुशीवर कसं वळवायचं, हे शिकवायला मी तक्ते लावले, फिल्म दाखवली, रबरी पुतळा आणला. मुली जांभयाच देत होत्या. शेवटी ओझरच्या कारखान्यातून रजा काढून माझे यजमानच पेशंट होऊन कॉटवर झोपले. मुली लगेच भोवती जमल्या. हरसूलच्या मुलीने पाठीला पावडर लावताच गुदगुल्यांनी ते खदखदून हसले.

"मॅडम, पेशंट लय हसतोय!"

"अहो, गप्प पडा. असा पेशंट हसत नसतो," मी दटावलं.

अर्धांगवायू झाल्यापासून मी त्यांना रोज तसंच कुशीवर वळवते, पावडर लावते. त्या जागी माझी बोटं मुद्दाम रेंगाळतात.

पेशंट हसत नाही.