वसुधाताईंनी मागितलेली मुदत

भल्या सकाळी माधवरावांचा फोन आला. "वसू गेली रे... झोपेतच." काही आठवडे उलटले, तरी तो आवाज कानातून जात नाही. त्या सकाळी न्युरेम्बर्गहून स्टुटगार्टला त्यांच्या घरी गाडीने जाताना मनात एकच येत होतं, ही बाई काम अर्धवट टाकून जाणाऱ्यांतली नव्हती.

वसुधाताई मूळच्या पुण्याच्या. इथे जर्मनीत मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनियर. अपघातानंतर माधवराव, त्यांचे यजमान, चाकाच्या खुर्चीत आले आणि घर नेमकं चढावर. पुढचा जोर लावायला हात उचलला की खुर्ची मागे घसरायची. ताईंनी सुट्टीच्या दिवशी तळघरात खपून असा ब्रेक बनवला, की हात सुटताच चाक जागीच थांबावं. कंपनीने 'आमच्या कामाचं नाही' म्हणून कर्मचाऱ्याच्या शोधावरचा आपला हक्क सोडला, तेव्हा त्यांनी पेटंट स्वतःच्या नावावर घेतलं. माधवराव प्रथम एकटे चढ चढून बेकरीतून पाव घेऊन आले, त्या दिवशी ताईंनी लगेच मला फोन केला.

पुढे मात्र चाचण्या, प्रमाणपत्रं, विमा कंपन्यांची मान्यता यांतच वर्षं गेली. मान्यता मिळाली तेव्हा पेटंटची मुदत संपत आली होती आणि एक मोठी कंपनी त्या दिवसाची वाट पाहत टपली होती. ताईंनी मुदतवाढ मागितली. औषधाच्या चाचण्यांत गेलेला काळ इथला कायदा काही अंशी भरून देतो, खुर्चीच्या ब्रेकचा नाही. "आपल्याकडे इंग्रजांच्या काळात होती की सोय! पुरेसा मोबदला मिळाला नाही, तर मुदत वाढवून मागता यायची," त्या म्हणायच्या. अर्ज फेटाळला गेला, तशा त्या कोर्टात गेल्या. सोबतीला मी होतो. न्यायाधीशांनी विचारलं, "मोबदला अपुरा होता, हे ठरवायचं कोणी?"

"गेनाऊ, अगदी बरोबर," ताई म्हणाल्या, "ठरवणारं कोणीच नाही, हीच माझी तक्रार आहे."

न्यायाधीश किंचित हसले. निकाल विरुद्धच गेला.

परतताना मी चाचरत म्हटलं, "ताई, पेटंट संपलं तर ब्रेक स्वस्त होईल. लोकांचं भलंच होईल ना?"

"होऊ दे की. पण उद्या एखादीला असंच काही सुचलं, तर तिने काय करायचं? कपाटात ठेवून द्यायचं?"

मुदत संपली, टपलेल्या त्या मोठ्या कंपनीचे स्वस्त ब्रेक बाजारात आले. ताईंनी एक विकत घेतला, खोलून पाहिला आणि सरळ त्या कंपनीला फोन लावला, "तुमची स्प्रिंग ओल्या उतारावर टिकायची नाही." मी चिडलो. त्या म्हणाल्या, "अरे, त्या खुर्चीत कुणाचा तरी नवरा बसणार आहे." कंपनीने स्प्रिंग बदलली, आभाराचा शब्द नाही. ताईंनी तोवर कायदाच बदला म्हणून संसदेकडे अर्ज लिहायला घेतला होता. यापुढच्यांसाठी... स्वतःला त्यातून काही मिळणार नाही, हे ठाऊक असून.

दिवसकार्य आटोपल्यावर माधवरावांनी मला तळघरात बोलावलं. बाहेरच्या उतारावरच्या दाराने आत येऊन त्यांनी ताईंच्या टेबलाशी खुर्ची आणली होती. सांडशी, पेचकस, पट्टी, सगळं जिथल्या तिथे. संगणकावर तो अर्ज उघडा होता.

"आल्झो, चल तर मग, बस," ते म्हणाले. "सही आता माझी. पण तिचं एकही वाक्य मऊ करायचं नाही."

बसायला एकच स्टूल होतं, ताईंचं. मी ते पुढे ओढलं आणि पहिलं वाक्य मोठ्याने वाचायला लागलो.