घडीची सायकल

सन एकोणीसशे अठ्ठ्याहत्तर. मी छप्पन्न वर्षांचा होतो. नागपूरच्या सक्करदऱ्यात माझं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा दुसरीपर्यंतच झाली, पण मी कोणाचं ऐकणारा नव्हतो. मुलीला मुंबईला नर्सचं शिक्षण घ्यायचं होतं आणि तिच्या फॉर्मवर मी सही करत नव्हतो.

एका दुपारी पांढऱ्या गणवेशातली एक नर्सबाई आली. सोबत मधोमध दुमडणारी, लहान चाकांची सायकल.

"काका, दोन्ही चाकांची हवा काढून द्या. उद्या विमानानं कुवेतले चालली, नोकरीवर. भरलेली हवा विमानात चालत नाही म्हणतेत."

"हवा तं कोणीबी काढते वं बाई. माह्याकडे काहून आली?"

"वाल्व जाम आहे. मोडला तं तिकडे कोणाले सांगू?"

"एकटीच चालली? घरचे काही म्हणत नाहीत?"

"म्हणून राहिले ना, जाऊ नको! पंधरा दिवसांपासून." ती हसली.

मी दोन्ही चाकांचे वाल्व सैल केले. फुस्स आवाज पूर्ण थांबेपर्यंत ती कान देऊन उभी होती. मग दवाखान्यातली चादर घडी करावी तशी तिनं सायकल दुमडली.

"नागपूरची हवा नागपुरात राहू द्या, काका. तिथं तिथली भरीन."

माझा जन्म हवा भरण्यात गेला. अशी हवा सोडून निघालेली तीच पहिली पाहिली. नाव विचारायचं राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडण्याआधी मी मुलीकडून फॉर्म मागून घेतला आणि सावकाश, पूर्ण नावानिशी सही केली.