नव्या देवळातलं पहिलं प्रभुभोजन

माझ्या आईला कुणी साधीभोळी म्हणालं की माझं टाळकं सटकतं. साधीभोळी म्हणजे कामाला बरी, एवढाच त्याचा अर्थ. बोरीजवळच्या आमच्या खेड्यात ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि देवळाचं, म्हणजे आमच्या चर्चचं, सगळं काम आईच्या गळ्यात. आठवडाभर दुसऱ्याच्या रानात खुरपायचं, कापूस वेचायचा, आणि शनिवारी सांजच्याला देऊळ झाडून सारवून काढायचं. कुणी नेमून दिलं नव्हतं. ती करत गेली आणि लोक करू देत गेले.

जुनं मातीचं देऊळ पाडून पक्कं बांधायला काढलं, तेव्हा नव्या भिंतींना पाणी मारायलाही तीच. रानातून आली की डोक्यावर घागरी घेऊन सुरू. मी पूर्णेला नांदते. फोन केला की म्हणायची, "भिताडं तापल्यात माय, मागून बोल." या सगळ्याच्या बदल्यात तिला एकच गोष्ट पाहिजे होती. नव्या देवळात पहिलं प्रभुभोजन होईल, तेव्हा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट तिलाही मिळावा. "पहिल्याच दिशी घ्यायचंय मला. बाकी काय न्हाई." त्यासाठी पांढरं लुगडं धुऊन ठेवलं होतं तिनं.

उद्घाटनाच्या रविवारी मी गेले, तर ते लुगडं नेसून, पदर खोचून ती देवळामागं चुलवणापुढं! शहरातून पाव्हणे यायचे होते, मटण-भाताचा बेत होता आणि आचारी आलाच नव्हता. देवळाच्या पंचांचा म्होरक्या, कुठंही पुढं पुढं करणारा माणूस, तिला म्हणाला होता, "मावशे, तू हायेस म्हणून मी बिनघोर हाय बघ. भोजनाच्या टायमाला बोलावतो तुला." मी म्हटलं, मी बसते चुलीपाशी, तू आत जा. तर म्हणे, "तुला डेग झेपंना. बोलवणार हायेत की ते."

उपासना सुरू झाली. आधी सत्कार. पत्रे देणाऱ्याला शाल, फरशी देणाऱ्याला शाल. मग बाया डोक्यावर पदर घेऊन रांगेरांगेनं पुढं जायला लागल्या, गुडघे टेकायला लागल्या. मी म्होरक्याला खुणावलं. त्यानं हातानंच थांब म्हटलं. शेवटची रांग उठली तशी मी सरळ त्याच्यापुढं जाऊन उभी राहिले. "आईला बोलवा."

तर हा बाप्या मलाच दटावतो! "अगं, भात लागंल खाली. पुढच्या महिन्यात घेईल की ती. तिचं काय, ती घरचीच हाय."

घरचीच! तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. तोवर पाळकसाहेबांनी आशीर्वाद देऊन भाकरीच्या ताटावर रुमाल टाकलासुद्धा. मी मागं धावले.

"झालं, आई. संपलं. तुला बोलावलंच न्हाई त्यांनी."

तिनं शेजारची बादली उचलली आणि चुलवणात पालथी केली. फस्सकन वाफ आली. भात अर्धा कच्चा होता. राखेच्या पायांनी नव्या फरशीवरून ती थेट वेदीपुढं गेली आणि गुडघे टेकून बसली.

म्होरक्या धावला. "मावशे, काय करायलीस? पाव्हणे उपाशी हायेत!"

"मी बी सकाळधरून उपाशीच हाय," आई म्हणाली. "भोजन घ्यायचं म्हणून च्या बी पेले न्हाई. पाव्हण्यायला भात पाहिजे आसंल तर तू जा, जाळ घाल. मी उठत न्हाई."

पाळकसाहेबांनी मान खाली घातली आणि रुमाल काढला. तिला हात धू म्हणायची एकाचीही छाती झाली नाही. तिनं तुकडा घेतला, घोट घेतला आणि डोळे मिटून प्रार्थना करायला लागली. शहरातले पाव्हणे घड्याळाकडं बघायला लागले. देवळामागून म्होरक्याचं खोकणं ऐकू येत होतं, ओली लाकडं काही केल्या पेटत नव्हती. मी मदतीला गेले नाही. आणि आईनं आमेन म्हणायची कसलीही घाई केली नाही.