फ्लेक्सवरची ओळ माझी होती

“पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि माझ्याकडं बघून थांबल्या. मी वहीत लिहून घेत होते. सभा असो, कचेरी असो, लिहून घ्यायची मला सवय.

“लिहू नका, आधी ऐका. तुमचा भाऊ दारुडा नाही.”

दादा शेजारच्या खुर्चीवर होता. थरथर दिसू नये म्हणून दोन्ही हात मांड्यांखाली दाबलेले. पलीकडं वहिनी. ती एकदम रडायला लागली. मला वाटलं, आजाराचं एवढं लांबलचक नाव ऐकून घाबरली. बाहेर आल्यावर म्हणाली, “नावाला न्हाई वं रडले, वन्सं. आठ म्हयनं मी बोंबलतीया, आज कुणीतरी खरं मानलं, म्हणून रडले.”

त्या आठ महिन्यांत खरं न मानणाऱ्यांत पहिला नंबर माझा.

या आजाराला थोडक्यात पीटीएसडी म्हणतात. जिवावरचा प्रसंग होऊन जातो, पण तो संपलाय हे शरीराला कळत नाही. एखादा आवाज, एखादा वास आला की माणूस पुन्हा त्याच जागी जाऊन पडतो. त्या आवाजाला, त्या वासाला ट्रिगर म्हणतात. आमच्या दादाचा ट्रिगर मी स्वतः जाऊन विकत आणला होता.

आमचं गाव माण तालुक्यात. आमच्याकडं माणूस फौजेतून रिटायर झाला की त्याला वेशीपासून उघड्या जीपमधून मिरवत आणतात. डीजे, गुलाल, बायकांचं औक्षण आणि दहा हजारी फटाक्यांची माळ. दादाच्या वेळी माळ मी निवडली. फ्लेक्सही मीच करून घेतला. दादाचा वर्दीतला फोटो आणि खाली माझी ओळ : ‘ज्याला पाहून शत्रू थरथरला’. पत्रकं लिहून लिहून अशा ओळी मला सहज सुचतात.

माळ पेटली आणि दादा जीपमधून खाली झेपावला. जीपच्या चाकाशी डोकं धरून पालथा पडला आणि हिंदीत ओरडायला लागला, “नीचे! सब नीचे!”

मिरवणूक आमच्या मंडळाच्या अध्यक्षांच्या, म्हणजे आण्णांच्या हातात होती. ते माइकवरून म्हणाले, “काय मेजर, क्यान्टीनची लय चढली काय?” अख्खं गाव हसलं.

मी हसले नाही. मला लाज वाटली, आणि ती जास्त वाईट. कारण मी दारूबंदीचं काम करते. घरी आणून, त्याच्या अंगावरचा गुलाल झटकत मी म्हणाले, “लोकांच्या दारातली दारू मी हाकलते, आणि तू भर वेशीत माझी ही शोभा केलीस?”

तो एवढंच म्हणाला, “पाणी दे.”

पुढं कुकरची शिट्टी झाली की दादा उंबऱ्याबाहेर. चावडीवर जायचं बंद. जेवायला बसला तर पाठ भिंतीला. वहिनी सांगायची, त्यांचा डोळा लागत नाही. मी म्हणायची, प्यायला की असंच होतं. एक दिवस मला ट्रंकेमागं बाटली सापडली. पीत होता का? हो, झोप यावी म्हणून रोज थोडी. पण मला बाटली नव्हती सापडली, मला पुरावा सापडला होता. देवळाच्या पटांगणात बचतगटाच्या बायकांसमोर मी त्याला हात वर करून शपथ घ्यायला लावली. टाळ्या पडल्या. त्या मला पडल्या, हे लक्षात असू द्या.

मग साताऱ्याला एका खासगी दवाखान्यात गेलो. सीटी स्कॅन झाला, म्हणजे मेंदूचे फोटो. ईईजी झाला, म्हणजे डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी बघणं. तिथल्या डॉक्टरांनी कागद परत दिले. “सगळं नॉर्मल आहे. मन रमवा.”

मन रमवा! पाय मोडलेल्या माणसाला कुणी सांगतं का, जरा चालून बघा, करमेल?

त्यानंतर एका दुपारी शेळ्यांना पाला टाकताना दादा वहिनीला शांतपणे म्हणाला, “माझी पेन्शन तुझ्या नावावर कशी लागंल, ते इचारून ठिवलंय म्या.” वहिनी सातवी शिकलेली. या वाक्याचा अर्थ तिला लगेच कळला. आमच्या घरात ग्रॅज्युएट मी. वहिनी चालत माझ्या सभेच्या ठिकाणी आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, “पत्रकं ऱ्हाऊ द्या वन्सं. आजच्या आज चला, न्हाईतर मी एकटी त्यास्नी घिऊन जाती.”

घरातला माणूस असं मागचं आवरायची भाषा बोलायला लागला, तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. त्याला एकटं सोडू नका. उठा आणि जा.

एसटीनं विट्याला, तिथून सांगलीला. मनाच्या आजारांच्या दवाखान्यात बाकं भरलेली आणि निम्म्या बायकांची तोंडं ओढणीत. आणि कोपऱ्यातल्या बाकावर आण्णा! शेजारी त्यांची लेक. आम्हाला बघून त्यांनी मान भिंतीकडं वळवली. मग राहवलं नसावं, स्वतःच उठून आले. “पावण्याला बघाय आलोय,” म्हणाले. हातातली फाइल चांगली चार बोटं जाड, कोपरे झिजलेले, वर लेकीचं नाव. त्या दवाखान्यात त्यांची वर्षं गेली होती. आणि जीपपुढं माइकवर मस्करी करणारे तेच.

डॉक्टरीणबाईंनी ते लांबलचक नाव सांगितलं, ते इथंच. दादा अठरा दिवस दाखल होता. गोळ्या सुरू झाल्या. त्यांना एसएसआरआय म्हणतात, मनावरचा ताण हळूहळू उतरवणाऱ्या. गुण यायला काही आठवडे लागतात, आणि तोवर घरचेच म्हणतात, ‘काय उपयोग न्हाई’. तसं म्हणू नका, आणि डॉक्टरांना न विचारता गोळ्या बंद करू नका. जोडीला थेरपी. म्हणजे जे आठवतं, ते समजणाऱ्या माणसापुढं थोडं थोडं बोलणं.

नवव्या दिवशी दादा बोलला. फौजेत असताना त्यांच्या ताफ्यातल्या पुढच्या गाडीखाली स्फोट झाला होता. त्या गाडीत जागा दादाची होती. आटपाडीचा एक पोरगा म्हणाला होता, “तुमी मागनं या, मी बसतो म्होरं.” दादा त्याच्यामुळं जगला. गावानं त्याच जगण्याचा फ्लेक्स लावला, आणि त्यावर ओळ माझी.

मी डॉक्टरीणबाईंना म्हणाले, “फटाक्यांविरुद्ध मोहीमच काढते बघा.”

“काढा. पण त्यानं तो बरा होणार नाही. त्याला खोटं पाडणं थांबवा, तिथून सुरुवात होईल.”

त्यांनी दादाला एक युक्तीही शिकवली. छाती धडधडायला लागली की समोर दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्यानं घ्यायची. मन आजच्या जागेवर परत येतं.

सहा महिन्यांनी गावात दुसरा जवान रिटायर होऊन येणार होता. तोवर दादा झोपायला लागला होता, शेतात जायला लागला होता. एका माळेनं सगळं मोडेल या भीतीनं मी आण्णांकडं गेले. “मिरवणूक काढा, फटाके तेवढे नकोत.”

“आगं, फटाक्याबिगर मिरवणूक म्हंजी काय मयत हाय व्हय गं?” बसलेले चार जण हसले.

माझ्या जिभेवर आलं होतं, आण्णा, तुमची फाइल किती जाड हाय सांगू का सगळ्यांस्नी? बोलले असते तर तिथल्या तिथं जिंकले असते. पण फाइल त्यांची नव्हती, त्यांच्या लेकीची होती. ते माझ्याकडं बघत राहिले. मी काय गिळलं ते त्यांना कळलं. खाली बघत म्हणाले, “बरं. येशीवरच वाजवू. तुमच्या गल्लीत न्हाई.”

मिरवणुकीच्या दिवशी माळ आमच्याच गल्लीच्या तोंडाशी पेटली. कुणी पेटवली, कुणाला विचारू? आण्णा जीपपुढं नाचत होते.

दादा शेळ्यांच्या गोठ्यात होता. पहिल्या आवाजाला खाली बसला, तळहात जमिनीला टेकवून. वहिनीनं त्याच्या पाठीवर हात ठेवला. मला आयुष्यात आभार मानायचे झाले तर या बाईचे मानायचेत. डॉक्टरांच्या आधी तिनं ओळखलं होतं.

“पाच सांग,” मी ओरडले.

“शेळी,” दादा म्हणाला. “दावं. घमेलं. हिची चप्पल.” पाचवं काही सुचेना. बाहेर माळ वाजतच होती. त्याची नजर गोठ्याबाहेरच्या कडब्याच्या गंजीवर गेली. पावसापाण्यानं भिजू नये म्हणून गंजीवर जुना फ्लेक्स टाकला होता. वर्दीतला दादा, खाली माझी ओळ.

“तुझा फ्लेक्स,” तो म्हणाला.

माळ संपली. बऱ्याच वेळानं तो उठून उभा राहिला.

“त्यो उलटा घाल की गं. कडब्याला काय, पांढरी बाजू बी चालती.”

आम्ही गंजीवर चढलो. एक टोक मी धरलं, एक वहिनीनं. दोरी दादानं आवळली. हात थरथरत होते, पण गाठ पक्की बसली.