नापासकाकांची सही

बाटली घाणेरडी आहे असं वाटलं, म्हणून मी ती धुतली. स्वतःहून धुतलेली ती बहुधा माझ्या आयुष्यातली पहिलीच वस्तू. आईने पाहिलं असतं तर तिने शेजारणींना हाका मारून बोलावलं असतं. वीतभर उंचीची काचेची बाटली, बुचावर कागदाची टोपी, टोपीला दोरा. आत तळाशी चिमूटभर पांढरी पूड. मी म्हटलं, साबण राहिला असेल. विहिरीच्या काठावर बसून, अंगठा आत घालून, ती तीनदा विसळली आणि मगच भरली. मी विज्ञानाचा पदवीधर आहे. सेकंड क्लास.

त्या चिमूटभर पुडीपायी ज्यांची सव्वीस वर्षांची नोकरी गेली, त्यांना सगळे नापासकाका म्हणायचे.

काका पाणी तपासायचे. बसस्टँडच्या मागे पंपदुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या बाजूने लोखंडी जिना चढलं की एक खोली. तीच प्रयोगशाळा. एक फ्रिज, गिचमीड अक्षराच्या वह्यांची चळत, आम्लाने काळं पडलेलं बेसिन, आणि नळ्या उबेत ठेवायचं एक कपाट. खिडकीत काकांची खुर्ची. तिच्या एका पायाखाली दुमडलेला पुठ्ठा. खेड्यात घर घ्यायचं म्हणजे विहीरही घ्यावी लागते, आणि विहिरीचा कागद जोडल्याशिवाय बँक कर्जाला हात लावत नाही. तो कागद काकांचा.

ते पाणी जांभळ्या रसाच्या नळ्यांत सोडायचे, नळ्या कपाटात ठेवायचे आणि दोन दिवस थांबायचे. रस जांभळाच राहिला तर विहीर पास. पिवळा पडून आतल्या उलट्या नळीत बुडबुडा धरला तर नापास. दहातल्या सात नापास व्हायच्या.

"यांच्यापुढे समुद्र ठेवा, नापास करतील," खालचा पंपवाला गिऱ्हाइकांना सांगायचा. "म्हणतील, मीठ जास्त झालं."

घरं विकणाऱ्यांचा त्यांच्यावर दात होता, आणि सगळेच काही लबाड नव्हते. एका विधवेला पोराच्या ऑपरेशनसाठी घर विकायचं होतं. तिच्या नळ्या पिवळ्या पडल्या. ती दोन तास जिन्यावर बसून रडली. जेवायची वेळ झाली तशी काकांनी तिला जरा सरकायला सांगितलं, आणि खाली उतरता उतरता म्हणाले, "बाई, तुम्ही गरीब आहात हे जंतूंना कळत नाही." गावाने हे वाक्य जपून ठेवलं. अशी वाक्यं माणसं वाया जाऊ देत नाहीत.

घरी काकू आठ वर्षं अंथरुणाला खिळलेल्या. दर चार तासांनी त्यांची कूस बदलावी लागे, नाहीतर पाठीला जखमा व्हायच्या. सकाळी आणि संध्याकाळी काका, मधल्या वेळी शेजारची बाई. काका नमुना घ्यायला चाळीस-चाळीस किलोमीटर जाऊ शकायचे ते त्या बाईच्या भरवशावर. कारण त्यांचा एकच नियम होता, विहिरीवर स्वतः जायचं. अहवालावर छापलेलंच असे, 'नमुना माझ्या समक्ष घेतला.' त्याखाली त्यांची सही. बारीक, तिरपी, शेवटी टिंब. सव्वीस वर्षांत ती कुणाला विकत घेता आली नव्हती. काकांजवळ मिरवण्यासारखं तेवढंच होतं.

आमची ताई आणि भाऊजी पिठाच्या गिरणीवर दोन खोल्यांत राहायचे. दिवसभर भिंती थरथरायच्या. भाची झोपेतसुद्धा थरथरते असं ताई म्हणायची. अंगण असलेलं घर मिळत होतं, विकणारा होता एक ठेकेदार, आणि त्याने सोमवारची मुदत घातली होती. दोन दिवस नळ्यांचे धरले तर शनिवारी पाणी यायलाच हवं होतं. शनिवारीच नेमकी काकांची शेजारीण माहेरी गेली.

"काका, मी आणतो ना," मी म्हणालो. "सायन्सचा आहे मी."

काकांनी बराच वेळ घड्याळाकडे पाहिलं. मग सव्वीस वर्षांत पहिल्यांदा त्यांनी दुसऱ्याच्या हातात बाटल्या दिल्या. "ही मोठी प्लास्टिकची क्षारांसाठी. त्याच पाण्याने तीनदा विसळून घ्यायची. ही छोटी जंतूंसाठी. हिला विसळायचं नाही, फक्त भरायची." माझं लक्ष खाली होतं. पंपवाल्याने सुरू केलेली मोटर बंदच होत नव्हती आणि तो तिला माणसासारख्या शिव्या देत होता. माझ्या डोक्यात 'तीनदा' तेवढं राहिलं.

विहिरीवर ठेकेदार पांढऱ्या विजारीत उभा होता. विहिरीला वास येत होता, नुकत्याच पुसलेल्या दवाखान्याच्या फरशीचा. मला तो फार आवडला. "पाहुणे येणार म्हणून जरा साफसफाई केली सकाळी," ठेकेदार म्हणाला. मी म्हणालो, "दिसतंय की."

चारच्या सुमारास परत आलो. काकांनी बाटल्या घेतल्या, वहीत वेळ लिहिली आणि मान वर न करता विचारलं, "छोटी विसळली नाहीस ना?"

"का बरं?"

"तिच्यात पूड असते. विहिरीत कुणी ब्लीचिंग टाकलं असेल, तर ती पूड त्याला बाटलीत शिरल्या शिरल्या थंड करते. ती नसली तर ब्लीचिंग वाटभर आत बसून जंतू मारत राहतं, आणि इथे माझ्याकडे स्वर्गातलं पाणी येऊन पोचतं. विसळलीस का?"

परत जायला बस नव्हती. ताईचे सहा मिस्ड कॉल होते.

"नाही," मी म्हणालो.

नळ्या जांभळ्याच राहिल्या. काकांनी त्या उजेडात धरल्या, टिचक्या मारून पाहिल्या, रविवारी, मग पुन्हा सोमवारी दुपारी चारला. "विहीर पास," ते म्हणाले. आवाजात खूश झाल्याची शंका येण्याइतपत काहीतरी होतं. ताई रडली. तिने मिठाईचा पुडा पुढे केला, तर म्हणाले, "पाण्याने पास केलंय, मी नाही. पोरीला द्या." आणि 'माझ्या समक्ष'खाली सही केली, टिंबासकट.

नव्या घरात राहायला गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात भाचीला ताप भरला. टायफॉइड निघाला. एकवीस दिवस ती दवाखान्यात होती. वाचली, पण नंतर तिचे केस मुठीमुठीने गळायला लागले. सात वर्षांची पोर, ती केस उशीवरून गोळा करून डब्यात ठेवायची, परत लावता येतील म्हणून. डॉक्टरांनी विचारलं, पाणी कुठलं पिता?

काकांना कळलं तसे ते स्वतः विहिरीवर गेले. कुणी बोलावलं नव्हतं, ताईने बसासुद्धा म्हटलं नाही. त्यांनी पाणी आणलं. दुसऱ्या दिवशी सगळ्या नळ्या पिवळ्याधमक.

तिसऱ्या दिवशी भाऊजी दोन्ही कागद घेऊन लोखंडी जिना चढले. मागे मी. आमच्या मागे, करमणूक चुकू नये म्हणून, पंपवाला आणि त्याचे दोन मेकॅनिक. प्रयोगशाळेचा मालक आधीच येऊन बसला होता, काकांच्या खुर्चीत.

"ही सही कुणाची?" भाऊजींनी पहिला कागद टेबलावर आपटला.

"माझी."

"आणि ही?"

"तीही माझीच."

"एक विहीर, दोन निकाल. ठेकेदार म्हणतो, माझी विहीर तुमच्याच कागदावर पास झाली, नंतर तुम्ही काय घाण केली ते तुमचं तुम्हाला माहीत. काय सांगू त्याला? पोरीचं टक्कल दाखवू?"

"पेपर फुटला असणार, काका," मागून पंपवाला म्हणाला. मेकॅनिक फिदीफिदी हसले.

मालकाला हसू आलं नाही. बँकेने कागद घेणं बंद केलं तर त्याचं दुकान बसणार होतं. "काका, नमुना तुम्हीच घेतला होता ना?"

काकांनी हातातलं उघडं पेन टेबलावर ठेवलं.

"आमच्या मेहुण्याने आणलं होतं पाणी," भाऊजी म्हणाले. त्यांना त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

मालकाने कागद हळूच आपल्याकडे ओढला. "म्हणजे तुम्ही गेलाच नव्हता. आणि खाली 'समक्ष' लिहून सही ठोकलीत."

"तेवढं खोटं आहे," काका म्हणाले. "एकदाच." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. नळी उजेडात धरावी तसं. "बाटली भरलीस तेव्हा तळाशी पूड होती का रे?"

हो-नाही एवढंच उत्तर होतं. खोलीतले सगळे माझ्याकडे वळले. भाऊजींचा हात माझ्या खांद्यावर होता, आपला माणूस म्हणून.

"कसली पूड?" मी म्हणालो.

काकांना कळलं. ते कळताना मी पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर फार काही झालं नाही, फक्त त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"आता पुडीवर ढकलताय?" भाऊजी म्हणाले. "लाज वाटू द्या. सगळ्या गावाला नापास करत फिरलात."

"तुम्ही आता घरीच बसा, काका," मालक म्हणाला. बसायला त्यांना तिथे खुर्ची नव्हतीच.

त्यांनी डबा, चष्मा आणि छत्री उचलली. खाली उतरताना मेकॅनिक जिन्याच्या दोन्ही बाजूंना उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या, शाळेत पहिल्या आलेल्यासाठी वाजवतात तशा, तालात. पंपवाल्याने पुकारा केला, "काका नापास." रस्त्यापलीकडच्या सलूनमधला एक जण अर्ध्या दाढीने बाहेर आला. तो कधीकाळी विहिरीपायी घर विकू न शकलेला. त्यानेही टाळ्या वाजवल्या. हातातला टॉवेल खाली पडला तरी थांबला नाही. मी टाळ्या वाजवल्या नाहीत. हे मी फार दिवस स्वतःच्या बाजूने धरत होतो.

दहा दिवसांनी मी काकांच्या घरी गेलो. पश्चात्तापाने नाही, ताईने पाठवलं होतं. विहिरीचं करायचं काय, हे नव्या तपासनिसाला सांगता येईना. तो म्हणाला, उकळून प्या.

काका काकूंची कूस बदलत होते. मला दारात पाहून म्हणाले, "आलास, तर हा खांदा धर."

मी धरला. काकूंचं अंग पोत्यासारखं जड आणि गरम होतं. त्या छताकडे पाहत होत्या.

"हल्ली हिची कूस अगदी वेळेवर बदलते," काका म्हणाले. "काय काम काढलंस?"

मी विहिरीचं सांगितलं. त्यांनी उशी काकूंच्या पाठीशी खोचली. "त्या दिवशी मी नुसतं पाणी घेऊन निघालो. संडासाचा खड्डा विहिरीपासून किती पावलांवर?"

"बारा-तेरा."

"उताराच्या वर की खाली?"

"वर."

"म्हणजे ठेकेदाराला माहीत होतं. तो खड्डा बुजवा, नवा खालच्या अंगाला पन्नास पावलांवर घ्या. विहीर पूर्ण उपसा, गाळ काढा, कठड्याखालच्या फटी सिमेंटने भरा. मग ब्लीचिंग. आठ दिवस थांबून तपासणी. तोवर उकळूनच प्या, तो पोरगा बरोबर सांगतो." मग त्याच आवाजात, "विसळली होतीस ना?"

"हो."

"किती वेळा?"

"तीनदा."

"अंगठा घालून?"

"हो."

"काम नीट केलंस," काका म्हणाले. "तो पाय सरळ कर तिचा. तसा नाही. गुडघ्याखाली हात घाल."

मी गुडघ्याखाली हात घातला. माफी मागावी म्हणून तोंड उघडलं, तर त्यांनी हातानेच थांबवलं. "ते राहू दे, मला त्याचा उपयोग नाही. मालकालाही सांगू नकोस, 'समक्ष' मीच लिहिलं होतं. ती शिक्षा माझी. फक्त तुझ्या ताईला सांग की बाटली तू धुतलीस. ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती ना त्या दिवशी विहिरीवर, ती मला नको आहे. एक वाक्य आहे. तेवढं देणं लागतोस."

"सांगतो," मी म्हणालो.

खड्डा बुजवला, विहीर उपसली. गाळ काढताना भाऊजींसोबत मीही कमरेइतक्या चिखलात उभा होतो. ताई सगळ्यांना सांगते, माझ्या भावाने जिवाचं रान केलं. भाचीला आता बोटभर केस आलेत. गेल्या महिन्यात तिकडे जेवायला बसलो होतो, तर ताई पाणी वाढता वाढता म्हणाली, "एवढा साधा खड्डा. त्या नापासकाकाला तेव्हा दिसला नाही?"

आता सांगायचं, मी मनात म्हटलं.

"तो गेलाच नव्हता ना, ताई," मी म्हणालो, आणि पेला पुढे केला.

परवा काका औषधांच्या दुकानात भेटले. त्यांच्या पुढे दोन माणसं, मागे मी. त्यांनी वळून पाहिलं नाही.

"सांगितलंस?"

"या रविवारी जाणार आहे."

"मागच्या रविवारीही गेला होतास," काका म्हणाले. दुकानदाराने कापसाची गुंडाळी आणि मलम पुढे सरकवलं. त्यांनी ते पिशवीत घातलं, सुटे पैसे मोजून ठेवले आणि मला वाट देत बाजूला झाले. "हं. घे तुझं काय ते."