भिंतीपलीकडून आलेली वायर

भिवंडीत नारपोलीच्या टोकाला आमची कापडाच्या लूमची शेड होती आणि तिच्या मागच्या भिंतीला लागून गाव सुरू व्हायचं. वीज कचेरीच्या हिशेबानेही भिंतीच्या अलीकडे शहर विभाग आणि पलीकडे ग्रामीण विभाग. निदान आम्ही तरी तसंच समजत होतो. मग एक दिवस ग्रामीण विभागाची नोटीस आली. तुमच्या शेडची जमीन जुन्या नकाशावर गावात येते, तेव्हा यापुढे तुम्ही आमचे ग्राहक, शहराची लाइन तोडण्यात येईल.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी नुकतीच बी.कॉम. झाले होते. घरात इंग्रजी कागद वाचणारी मीच, त्यामुळे नोटीस मोठ्याने वाचायचा मान माझा. मी अगदी न्यायाधीशाच्या थाटात वाचली. अब्बांनी शांतपणे ऐकून घेतली आणि विचारलं, "गावाची लाइट मंगळवारी बंद असते ना?"

सगळी गोम तिथेच होती. त्या काळात प्रत्येक विभागाला आठवड्यातून एक दिवस वीज बंद. शहराचा दिवस शुक्रवार. जुम्म्याला आमचे लूम तसेही बंद, म्हणजे आम्हाला काहीच फरक नाही. गावाचा दिवस मंगळवार. गावात गेलो की शुक्रवार नमाजचा आणि मंगळवार विजेचा, दोन दिवस बुडाले. कारीगर सगळे विणलेल्या कापडाच्या मीटरवर पैसे घेणारे. आमचा मुकादम उत्तरेकडून आलेला, वयाने अब्बांहून मोठा. त्याने तोंडावर सांगितलं, "सेठ, दो दिन खाली बैठेगा तो कारीगर तीसरे दिन दूसरे के लूम पे मिलेगा।"

अब्बा कोर्टात गेले. स्टे मिळाला. पण ग्रामीण विभागाच्या वकिलाने असा काही मुद्दा काढला की आमचे वकील खुर्चीतच सावरून बसले. तो म्हणाला, ही शेड आजही आमच्याच विजेवर चालते! शहराची लाइट जाते तेव्हाही तिथे लूम खडखडत असतात, लोकांनी ऐकलंय!

आमच्या वकिलांनी अब्बांना बाजूला घेतलं. "खरं सांगा, गावाची लाइट कधी घेतलीत?"

"कधीच नाय," अब्बा म्हणाले. चेहऱ्यावर कसलाही किंतु नाही.

मी शपथेवर सांगते, अब्बा खोटं बोलत नव्हते! भिंतीपलीकडे एका चाचीचं मसाल्याचं कांडप होतं. आमची लाइट गेली की ती भिंतीवरून वायर टाकायची. तिची गेली की आमची वायर तिकडे जायची. साखर संपली की वाटी पाठवावी तसं ते. यात लाइट 'घेण्याचा' संबंध काय? चाचीने दिली म्हणून आली! भिंतीच्या दोन्ही बाजूंना हेच चालायचं आणि ते कोर्टात सांगण्याजोगं आहे असं कोणाच्या मनातही आलं नाही.

कोर्टाने पाहणीसाठी कमिशनर नेमला. एक ज्येष्ठ वकील, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात छत्री. त्यांनी परीक्षा सोपी ठेवली. आपण शेडमध्ये उभं राहायचं, शहराची लाइन मुद्दाम बंद करायची. लूम थांबले तर शहराचे, चालू राहिले तर गावाचे.

काय तो दिवस! अब्बांनी इस्त्रीची शेरवानी घातली, जणू माझंच लग्न आहे. दोन्ही विभागांचे इंजिनियर आले आणि शेडच्या दोन कोपऱ्यांत जाऊन उभे राहिले. मी डोक्यावर ओढणी घेऊन सरबताचा ट्रे धरला होता. खरं तर सरबत द्यायला घरात माणसं होती, पण असा तमाशा मी कसा चुकवणार?

इशारा झाला. कुठेतरी दूर कोणीतरी खटका ओढला आणि सगळी नारपोली एकदम गप्प झाली. भिवंडीत वाढलेल्या माणसाला ती शांतता म्हणजे काय ते विचारा. आपल्याच कानांना काही झालंय असं वाटतं. आमचे लूम थांबले. धोटे जागच्या जागी अडकले. छपरावरच्या कावळ्याची नखं वाजलेली ऐकू आली. अब्बांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं. कमिशनरसाहेबांनी टिपण करायला पेन उघडलं.

आणि भिंतीपलीकडून चाचीचा खणखणीत आवाज आला.

"शेट! अरं पावणं आलंत न् लाइट गेली व्हय? थांबा, थांबा, देते!"

भिंतीवरून काळी वायर सापासारखी सळसळत खाली आली. त्या क्षणी कोणी काही बोललं असतं तर! पण मुकादमाने आयुष्यभर वायर आली की एकच गोष्ट केली होती. त्याने ती झेलली, बोर्डात खोचली आणि खटका वर केला.

खडखड, खडखड, खडखड! सगळे लूम सुरू!

मुकादमाने आपल्या हाताकडे पाहिलं, मग अब्बांकडे पाहिलं आणि डोक्याला हात लावून खालीच बसला. आमच्या वकिलांनी डोळे मिटून घेतले. ग्रामीणचा इंजिनियर तर नाचायचाच बाकी होता. "बघा साहेब! बघा! आमच्या लाइटवर चालतात! आमचेच ग्राहक!"

कमिशनरसाहेबांनी पेन बंद केलं. छत्री घेऊन मागच्या गल्लीने निघाले आणि आम्ही सगळे वरातीसारखे त्यांच्या मागे. चाचीच्या कांडपाशी पोचताच त्यांना मिरचीचा खकाणा लागला. रुमालाआडून शिंकत त्यांनी विचारलं, "बाई, तुम्हाला वायर टाकायला कोणी सांगितलं?"

"सांगाला कशाला लागतं? त्यांची गेली का आमची जाते. आमची गेली का त्यांची येते. ही काय त्यांची वायर हितंच लटकली हाय."

साहेबांनी चष्मा वर करून ती वायर पाहिली. मग ग्रामीणच्या इंजिनियरकडे वळले. "म्हणजे हे कांडप शहराच्या विजेवर चालतं. मग हे शहर विभागाचं धरायचं का?"

"छे, छे! हे गावात आहे!"

"पण तुमचाच मुद्दा आहे, ज्याच्या विजेवर चालतं त्याचा ग्राहक."

चाचीला वाटलं, साहेबांना अजून नीट कळलं नाही. तिने मोठ्या कौतुकाने हात लांबवला. "माझंच एकटीचं न्हाय, सायेब. ती बघा, पिठाच्या गिरणीची. ती सुताराची. पार नाल्यापत्तुर समद्यांच्या हायत."

खरंच, भिंतीवरून वायरींची माळच लागली होती. या हिशेबाने अर्धं गाव शहरात आणि अर्धी नारपोली गावात जाणार! आणि हे सगळं चालू असताना आपण काय करत होतो, असं वरिष्ठांनी विचारलं तर? मघाशी शेडच्या दोन कोपऱ्यांत उभे असलेले ते दोन इंजिनियर आता एकमेकांना अगदी खेटून उभे राहिले. घाम दोघांना सारखाच फुटला होता.

पुढच्या तारखेला तडजोड झाली. भिंत हीच हद्द. शेड शहराकडेच राहील. मात्र यापुढे भिंतीवरून कोणतीही वायर जाणार-येणार नाही, असं अब्बांनी लिहून द्यायचं. अब्बांनी सही केली. आमचा मंगळवार वाचला!

त्यानंतरच्या पहिल्याच मंगळवारी चाची कमरेवर हात ठेवून आमच्या दारात. "शेट, तुमचं लूम चाललंत. माझं कांडप बंद. पोरीच्या हळदीचा मसाला मी काय हातानं कुटू?"

अब्बांनी तडजोडीचा कागद मला पुन्हा वाचायला लावला. मी वाचला. "वायर जायची नाय," ते म्हणाले, "कांडपाचं काय लिवलंय?"

"काहीच नाही."

त्याच आठवड्यात मागच्या भिंतीला दार पडलं आणि चाचीने एक जास्तीचं लहान कांडप आणून आमच्या पडवीत मांडलं. दर मंगळवारी तिथे मिरची कुटली जायची, आत लूम चालायचे आणि सगळे कारीगर एका तालात शिंकायचे. डोळे लाल, नाकं लाल, कोरं कापडही कडेने किंचित लाल. पण आमच्या लूमवरून एकही कारीगर गेला नाही.

मुकादम तेवढा नाकावर गमछा बांधून अब्बांसमोर उभा राहिला. "सेठ, कोर्ट से तो आपने बचा लिया। अब इस चाची से कौन बचाएगा?"

"तीच वाचवते सगल्यांना," अब्बा म्हणाले आणि स्वतःच जोरात शिंकले.